प्रकरणांची नावे

कोणतेही पुस्तक हाती आले म्हणजे आम्ही प्रथम त्याची अनुक्रमणिका उघडतो. कित्येकांस मुखपृष्ठ न्याहाळण्याची सवय असते; काही काटकसरी गृहस्थ आधी किंमत पाहतात; आणि काही वाचक तर शेवटचे पान वाचूनच मोकळे होतात. या शेवटच्या वर्गाशी आमचे कधी जमले नाही. परक्या गावी उतरलेला माणूस स्टेशनाबाहेर क्षणभर थांबतो, कोणता रस्ता कोठे जातो हे चार माणसांस विचारून घेतो आणि मग पाऊल उचलतो. अनुक्रमणिकेपाशी आम्ही थांबतो ते असेच.

अलीकडे मात्र आमची पंचाईत होऊ लागली आहे. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मांडतात, हे हैदराबादेतील मुलांस सांगावयास नको. इंग्रजी, उर्दू आणि तेलुगू पुस्तकांच्या ढिगाऱ्यात तळाशी कोठे तरी एखादे मराठी पुस्तक अंग चोरून पडलेले असते. गेल्या पावसाळ्यात तेथून आम्ही चार मराठी कादंबऱ्या आणल्या. त्यांपैकी तिहींस अनुक्रमणिकाच नव्हती. प्रकरणे होती, पण त्यांस नावे नव्हती. एक, दोन, तीन, चार असे नुसते आकडे, जणू शाळेच्या हजेरीपटावरील नावे कोणी पुसून टाकली असून केवळ अनुक्रमांक तेवढे शिल्लक राहिले आहेत. चौथ्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर नाव होते. बस सुलतान बाजारापर्यंत येण्यापूर्वीच आम्ही ती सगळी नावे वाचून काढली, आणि अमुक नावाच्या प्रकरणात काय असेल यावर मनाशी पैजही लावली. बाकीच्या तीन कादंबऱ्या वाईट होत्या असे नव्हे. त्यांतील एक तर फारच चांगली निघाली. परंतु तिने आम्हांस दारात उभे राहून ‘या’ असे म्हटले नाही, एवढे खरे.

हे दारात उभे राहून बोलावणे युरोपातील जुन्या कादंबरीकारांस फार छान साधत असे. ‘या प्रकरणात अमुक घडते’, ‘नायकाची तमुकाशी गाठ कशी पडली याचा वृत्तांत’ अशा धर्तीची लांबलचक शीर्षके ते देत. स्पेनच्या सर्व्हांतीसचा ‘दोन किहोते’ १६०५ आणि १६१५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील पवनचक्क्यांची गोष्ट ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांसही ठाऊक असते. ती गोष्ट पहिल्या भागातील आठव्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणाचे शीर्षक अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगते की, आमच्या शूर सरदारास एका भयंकर साहसात कसे सुयश लाभले ते येथे सांगितले आहे. प्रत्यक्ष प्रकरणात सरदार घोड्यासकट जमिनीवर आपटतो. म्हणजे शीर्षक खोटे बोलले काय? ते सरदाराच्या नजरेने बोलले, आणि मजकूर आपल्या नजरेने. त्या दोन नजरांमध्ये जे अंतर पडते, त्यातच त्या ग्रंथाचे सगळे हसू आणि बरेचसे रडू आहे. दुसऱ्या भागात तर एका प्रकरणाचे शीर्षक एवढेच सांगते की, यात काय आहे ते वाचणारास वाचता येईल आणि ऐकणारास ऐकता येईल. इंग्लंडात फील्डिंगने १७४९ साली ‘टॉम जोन्स’ लिहिली, तीत एका प्रकरणाच्या माथ्यावर यात कागदाची पाच पाने आहेत एवढीच माहिती दिली आहे. लेखक आणि वाचक एकमेकांस डोळा घालू शकत होते, असा तो काळ.

या ‘दोन किहोते’चा आमच्या हैदराबादशी संबंध आहे असे सांगितले, तर कोणास खरे वाटणार नाही. परंतु संबंध आहे. पंडित रतननाथ सरशार हे लखनौचे नामांकित उर्दू लेखक. ‘फसाना-ए-आझाद’ ही त्यांची प्रचंड कथा एका वृत्तपत्रातून क्रमशः येत असे. त्यांनी सर्व्हांतीसच्या ग्रंथाचा ‘खुदाई फौजदार’ या नावाने उर्दू अवतार केला, तो १८९४ च्या सुमारास. पुढे महाराजा किशन प्रसाद यांच्या आश्रयाने ते हैदराबादेस आले आणि येथेच त्यांचा अंत झाला. ‘खुदाई फौजदार’ हे नाव किती नेमके आहे पाहा. कोणी नेमलेला नसता जगाचा बंदोबस्त करावयास निघालेला माणूस! नाव ठेवण्याची विद्या ज्यास साधली, त्याचे अर्धे काम तेथेच झाले.

आता कोणी म्हणेल की, ही सगळी परदेशी मिरास झाली. आपल्याकडे काय होते? येथे एक गंमत आहे. ज्या ग्रंथावरून मराठीत या वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ हे नाव पडले, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त प्रकरणेच नाहीत. पूर्वभाग आणि उत्तरभाग, एवढाच काय तो विसावा. (तेलुगू शेजाऱ्यांनी ‘नवल’ हा शब्द घेतला आणि बंगाली व हिंदी लोकांनी ‘उपन्यास’. आम्ही मात्र एका नायिकेचेच नाव सबंध जातीस देऊन टाकले. असो.) परंतु पोथ्यांकडे वळले की चित्र पालटते. पोथीत अध्यायास नाव असते, आणि ते येते शेवटी. ‘अर्जुनविषादयोग’ हे नाव गीतेचा पहिला अध्याय वाचून संपल्यावर आपल्या कानी पडते. समर्थांच्या दासबोधात वीस दशके आणि प्रत्येक दशकात दहा समास, असे दोनशे समास आहेत. त्या प्रत्येकाचे नाव समासाच्या समाप्तीस सांगितलेले असते. मूल जन्मल्यावर मग त्याचे बारसे करावे, तसाच हा क्रम. छापखाने आल्यावर ती नावे माथ्यावर आणि अनुक्रमणिकेत गेली, आणि दासबोधाचा एक नवाच वाचकवर्ग तयार झाला. तो म्हणजे शाळकरी मुले. ‘मूर्खलक्षण’ आणि ‘पढतमूर्ख’ ही नावे अनुक्रमणिकेत पाहून ती पाने प्रथम उघडली नाहीत, असा मुलगा आमच्या तरी पाहण्यात नाही. आपल्या ओळखीची माणसे त्यात सापडतात की काय, हे पाहण्याची उत्सुकता असते. बहुधा सापडतात.

गुरुचरित्राच्या शेवटी अवतरणिका असते. तीत प्रत्येक अध्यायात कोणती कथा आली, ते थोडक्यात सांगितलेले आहे. गाणगापूर हे निजामाच्या राज्यातील गुलबर्गा जिल्ह्यात असल्यामुळे हैदराबादेतील मराठी घरांत या पोथीचा परिपाठ मोठा होता. ज्या बायकांस रोज पूर्ण पारायण जमत नसे, त्या अवतरणिका वाचून उठत. त्यांस कथा ठाऊक नव्हत्या म्हणून नव्हे. त्या कथा आठवाव्यात म्हणून. म्हणजे आपल्याकडे शीर्षक किंवा सारांश ही रहस्य फोडणारी चहाडी नसून ओळखीच्या घराची वाट होती. कीर्तनातही तेच. उत्तररंगात बुवा सुदाम्याचे आख्यान लावणार, हे मंडपातील लहान पोरासही ठाऊक असते. सुदाम्याच्या पोह्यांचे पुढे काय होते, हे ऐकण्यास कोणी आलेले नसते. ते पोहे आज बुवा कसे सोडतात, हे पाहावयास सगळे आलेले असतात. आणि पंचतंत्राच्या चौथ्या तंत्राचे तर नावच ‘लब्धप्रणाश’ आहे. मिळालेले हातचे जाणार, हे विष्णुशर्म्याने प्रारंभीच सांगून टाकले. तरी मगर पाठीवर वानरास घेऊन पाण्यात शिरली की ऐकणारे मूल श्वास रोखून धरतेच.

आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी या कलेचा सर्वांत रंगतदार नमुना सांगावयाचा, तर तो फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नचा. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही त्याची कादंबरी १८७३ साली पुस्तकरूपाने निघाली. तीत सदतीस प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाचे शीर्षक ‘ज्यात’ अशा थाटाने सुरू होते. दहावे प्रकरण आपल्या मुंबईत घडते. त्याचे शीर्षक सांगते की, यात पास्पार्तूवर केवळ बूट गमावण्याची वेळ आली, आणि तेवढ्यावर सुटका झाली याचाच त्यास आनंद वाटला. हा पास्पार्तू म्हणजे फिलिअस फॉग या साहेबाचा नोकर. तो मलबार हिलवरील देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याच्यावर तुटून पडतात, आणि तो अनवाणी पळत सुटून गाडी सुटण्याच्या बेतात असताना कसाबसा स्टेशनावर पोचतो. वाचकास वाटते की, चला, शीर्षकाने सांगितले होते तेवढेच झाले, बुटांवर निभावले. पुढील प्रकरणात साहेब अवाच्या सवा किंमत देऊन हत्ती विकत घेतो, नंतर एका विधवेस चितेवरून सोडवतो, आणि या गडबडीत बुटांची आठवण कोणासही राहत नाही. मंडळी कलकत्त्यास उतरतात तोच पोलीस त्यांस कोर्टात नेतात. सर्वांस वाटते की, त्या विधवेस सोडवल्याबद्दलच हा खटला असणार. तेवढ्यात न्यायाधीशापुढे टेबलावर काय येते? तेच बूट! दहाव्या प्रकरणाचे शीर्षक ‘तेवढ्यावर सुटका झाली’ असे म्हणाले होते. ते पास्पार्तूची समजूत सांगत होते. आपण ती लेखकाची ग्वाही समजून निश्चिंत झालो होतो.

शीर्षक जितके उघड बोलते, तितके ते लपवू शकते. ज्या खिशात पैसे नाहीत तोच खिसा जादूगार उलटा करून दाखवतो. कलकत्त्याच्या प्रकरणाच्या माथ्यावरही व्हर्नने आधीच सांगितले आहे की, येथे साहेबाच्या थैलीतून आणखी काही हजार पौंड जाणार. ते बुटांपायी जातील, हे मात्र कोणाच्या मनात यावे? आणि सदतिसाव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणाचे शीर्षक असे सुचवते की, एवढी प्रदक्षिणा करून या गृहस्थाने सुखावाचून दुसरे काही मिळविले नाही. शेवट असा उघड सांगितल्यावर उरलेली पाने कोण वाचील, असे कोणास वाटेल. आम्ही ती पाने किती वेळा वाचली असतील, याची मोजदाद नाही.

मराठीत ज्या पुस्तकाची अनुक्रमणिका घराघरांत तोंडपाठ झाली, ते पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यास कादंबरी म्हणावे की आत्मकथा, हा वाद पंडितांनी करावा. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री, आणि प्रत्येक रात्रीस नाव. ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’, ‘अळणी भाजी’. ही नावे आम्हांस फार आवडतात. ‘अळणी भाजी’ हे दोनच शब्द पाहा. भाजीत मीठ नाही, हे शीर्षकातच कळले. मग उरले काय? सगळेच उरले. जेवणारा एकही जण तोंडातून ब्र काढत नाही आणि आई मागाहून स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तो पहिला घास तिच्या तोंडात जाईपर्यंत आपला जीव टांगलेला राहतो. वाचकास ठाऊक आहे आणि आईस ठाऊक नाही, ही अवस्था त्या शीर्षकानेच निर्माण केलेली आहे.

हे पुस्तक आम्ही आमच्या आईस वाचून दाखवीत असू. ती परभणीकडची. लग्न होऊन हैदराबादेस आली तेव्हा तिचे शिक्षण मराठी तिसरीपर्यंत झालेले होते. अखेरच्या वर्षी तिची दृष्टी अगदी अधू झाली आणि चालणेही बंद पडले. काचीगुड्याच्या घरी संध्याकाळी दिवे लागले की ती म्हणे, “नावं वाच.” आधी अनुक्रमणिका मोठ्याने वाचावयाची. मग तिने त्यांतील एक नाव निवडावयाचे. ‘मोरी गाय’ किती वेळा झाली असेल! तिच्या माहेरी गाईगुरे होती. ‘सोमवती अवस’ हे नाव आले की ती स्वतःच काही तरी सांगू लागे, आणि त्या दिवशी पुस्तक तसेच मिटून ठेवावे लागे. अनुक्रमणिकेच्या अखेरीस ‘आईचा शेवटचा आजार’ आणि ‘शेवटची निरवानिरव’ ही नावे आहेत. तेथे आमचा आवाज आपोआप उतरत असे. ती एकदा म्हणाली, “ते नाव गाळू नकोस. वाच. ती रात्र मात्र आज नको.”

असे पुष्कळ दिवस चालले. नाव रोज वाचले जाई. रात्र बाजूस राही. मग एके दिवशी, थंडी सुरू झाली होती, तेव्हा तिने ‘मोरी गाय’ नको म्हटले आणि सांगितले, “आज ते आजारपणाचं लाव.” आम्ही घुटमळलो. तीच म्हणाली, “काय आहे ते नावात सांगितलंय ना त्यांनी? मग भ्यायचं काय?” त्या आठवड्यात आम्ही शेवटच्या रात्री क्रमाने वाचल्या. मध्येच एकदा तिने विचारले, “मुलगा वेळेवर पोचतो का रे?” पुढल्या रात्रीचे नाव ‘भस्ममय मूर्ती’ असे होते. ते तिने पूर्वी शंभर वेळा ऐकलेले होते. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच ते नाव हळूच उच्चारले आणि म्हटले, “नाही पोचत. बरं, वाच पुढं.” आम्ही वाचू लागलो. तिने आमचे मनगट धरून ठेवले होते, म्हणून पान उलटावयास डावा हात लावावा लागत होता.

त्या पुस्तकाच्या प्रकरणांस एक, दोन, तीन असे नुसते आकडे असते, तर ती निवड तिला करता आली असती काय? आमच्या मते नसती. आकडा उंबरठ्यावर काहीच सांगत नाही. आत गेल्यावर मग अंगावर काय कोसळेल ते कोसळेल. जे निरोगी आहेत, ज्यांस पुष्कळ आयुष्य वाचावयाचे आहे, त्यांस अशा कोसळण्याची मौज वाटते. त्यांनी ती अवश्य घ्यावी.

साने गुरुजींची सगळीच नावे आम्हांस सारखी प्रिय आहेत, असे मात्र नाही. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हेही एका रात्रीचे नाव आहे. त्यात सत्य पुरेपूर भरलेले आहे, आणि नेमके म्हणूनच ते नाव आम्हांस कमी भावते. गोष्ट वाचून जे आपल्या मनात उमटावयाचे, ते नावाने आधीच उरकून टाकले. ‘अळणी भाजी’ने काय घडले ते सांगितले आणि त्याचे काय वाटावे ते आपल्यावर सोपविले. घडलेले सांगणारे नाव चांगले. वाटणारे सांगणारे नाव नको. याच एका कसोटीवर आम्ही अनुक्रमणिका तपासत असतो, आणि आदरणीय लेखकांसही त्यातून सूट देत नाही.

रहस्यकथेची गोष्ट निराळी. खुन्याचे नाव प्रकरणाच्या माथ्यावर छापा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु ‘पुढे काय होणार’ या कुतूहलाखेरीज ‘ते कसे होणार’ असेही एक कुतूहल असते, आणि त्याची भूक अधिक काळ टिकते. मग ही शीर्षके गेली का? एक कारण असे की, पूर्वी कादंबऱ्या साप्ताहिकांतून व मासिकांतून हप्त्याहप्त्याने येत. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० साली सुरू झाले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या आठवड्यागणिक घरोघर पोचू लागल्या. हप्त्याने वाचणाऱ्यास खुणेचा दगड लागतो. सबंध पुस्तक एकदम हाती आल्यावर त्याची निकड कमी झाली. दुसरे कारण अधिक खोल आहे. शीर्षक पात्र देत नाही, लेखक देतो. पात्रांच्या डोक्यावरून तो वाचकाशी बोलतो. जेव्हा कादंबरी माणसाच्या मनाच्या आत शिरली, तेव्हा लेखकाने तेथे खाकरणेही अशिष्ट ठरले. तो पडद्याआड गेला आणि जाताना शीर्षके बरोबर घेऊन गेला. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) आणि शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) एक मधला मार्ग काढला. तेथे माथ्यावर फक्त बोलणाऱ्याचे नाव येते. देवयानी, शर्मिष्ठा, कर्ण, कुंती. आता बोलणार कोण तेवढे कळते. काय बोलणार ते नाही. इटलीच्या उंबेर्तो एको या पंडिताने १९८० साली ‘गुलाबाचे नाव’ या कादंबरीत जुन्या थाटाची लांब शीर्षके पुन्हा मोठ्या डौलाने आणली. आणि ती चक्क खुनांचा तपास करणारी कथा आहे! तेव्हा ही रीत कायमची निकालात निघाली असे समजण्याचे कारण नाही.

आमच्या शाळेत हे शास्त्र आम्हांस परीक्षेच्या निमित्ताने शिकविले गेले. उताऱ्याचा गोषवारा लिहा व त्यास योग्य शीर्षक द्या, हा प्रश्न मराठीच्या पत्रिकेत ठरलेलाच. शीर्षकाचे गुण थोडे, आणि त्यापायी वाया जाणारा वेळ फार. आमचे मराठीचे गुरुजी यावर एक उपाय करीत. ते तोंडी एखादी हकीगत सांगत आणि सबंध वर्गाकडून तिची नावे लिहवून घेत. एकदा त्यांनी मुसी नदीच्या १९०८ सालच्या महापुराची हकीगत सांगितली. २८ सप्टेंबरची ती सकाळ, वाहून गेलेले पूल आणि मोहल्ले, हजारो माणसांचा मृत्यू; आणि अफझलगंजाच्या बाजूस ते चिंचेचे झाड, ज्यावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही उस्मानिया इस्पितळाच्या आवारात दाखवतात. वर्गाने नावे दिली ती ‘निसर्गाचा प्रकोप’, ‘महापूर: एक आपत्ती’, ‘दैवाचा खेळ’ अशी. गुरुजींनी ती सगळी शांतपणे वाचली आणि बाजूस ठेवली. एका मुलाने लिहिले होते, ‘चिंचेचे झाड’. गुरुजी म्हणाले, “हा वाचेल.” पण मागल्या बाकावरील एका व्रात्य मुलाने चिठ्ठी पाठविली होती, तीत होते: ‘ज्यात नदी रस्त्यावर येते आणि माणसे झाडावर जातात’. वर्ग हसला. गुरुजीही हसले, मग त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि या वेळी कोणी हसले नाही.

तेव्हापासून आम्हांस इतिहासाच्या पुस्तकांतील प्रकरणांची नावे मनातल्या मनात बदलण्याचा छंद लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमचे शहर आंध्र प्रदेशात राहिले. पुस्तकात त्या प्रकरणाचे नाव ‘राज्यपुनर्रचना’ असे असते. आमच्या गल्लीने नाव ठेवले असते, तर ते ‘ज्यात मामाचे गाव दुसऱ्या राज्यात जाते’ असे ठेवले असते. गाडी तीच, काचीगुड्याहून सुटणारी, मामा तोच. २०१४ साली तेलंगण झाले तेव्हा आमच्या गल्लीने घर न हलविता तिसरे राज्य पाहिले. त्या प्रकरणाचे नाव आमच्या मनात अजून जमलेले नाही.

आमची नात इंग्रजी शाळेत जाते. ती मराठी छान बोलते, पण वाचते ते बोट ठेवून. सबंध पान समोर आले की तिचा धीर सुटतो. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांतील मुलांची हीच स्थिती आहे, आणि त्यावर सभांतून हळहळ पुष्कळ व्यक्त होते. आम्ही तिला पान दाखवतच नाही, अनुक्रमणिका दाखवतो. एका ओळीत दोनतीन शब्द. तेवढे तिला झेपते. ‘श्यामची आई’च्या बेचाळीस नावांवरून तिचे बोट दोन संध्याकाळी फिरत होते. तिसऱ्या दिवशी ते ‘श्रीखंडाच्या वड्या’ येथे थांबले. “आजोबा, यात त्याला वड्या मिळतात का हो?” आम्ही पान क्रमांक सांगितला आणि चष्मा शोधण्याच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेलो. बाहेर येईपर्यंत तिच्या पाच ओळी झाल्या होत्या.

आता तिने स्वतःच एक कादंबरी लिहावयास घेतली आहे. नायक आमच्या जिन्यावरचे मांजर. वहीच्या पहिल्या पानावर तिने प्रकरणांची नावे मराठीत लिहिली आहेत. मजकूर अद्याप एकाही प्रकरणाचा झालेला नाही. पहिले प्रकरण, ‘ज्यात मांजर येते’. दुसरे, ‘ज्यात खालच्या मजल्यावरच्या आंटी रागावतात’. तिसरे, ‘ज्यात मांजर जाते असे सगळ्यांना वाटते’. चौथ्याचे नाव तिने दोनदा खोडले आहे. काल तिने आम्हांस विचारले की, मांजर कोठे गेले होते ते चौथ्याच्या नावात सांगावे, की आत सांगावे? आम्ही तिला मुंबईच्या देवळातील त्या बुटांची गोष्ट सांगावयास बसलो, तोच तिची शाळेची बस आली.